माईबाईंचं दाखवणं

दात उपटताना माणूस शेतकरी असो की मामलेदार, ओरडतो एकच शब्द: "माय वं!" इतर कुठल्या दवाखान्यात त्या हाकेला उत्तर मिळत नाही. हिंगणघाटला फू डॉक्टरांच्या दवाखान्यात मात्र पडद्यामागून ताबडतोब आवाज यायचा, "हाव बाप्पा, आली! जरासाक दम धर, हात धुऊन राह्यली!"

आणि माईबाई बाहेर यायच्या. ठेंगण्या, गोलसर, साडीचा पदर कमरेला खोचलेला, अंबाड्यात लाकडाची एक काडी आडवी घातलेली. कपाळावर कुंकू नसे. त्यावरून शेजारणींनी बरीच वर्षं समजावलं आणि शेवटी नाद सोडला. खरं नाव मेई. गावाने आधी मेईची माई केली, मग आदराने पुढे बाई जोडली. पेशंट कळवळून आपल्या आईला बोलावतोय की यांना, याचा त्यांनी कधी विचार केला नाही. म्हणायच्या, "तोंडात चिमटा असताना मानूस पुरं नाव कसं घेईन? आपन समजून घ्याव."

मी त्या वेळी हिंगणघाटला मुलींच्या शाळेत शिकवायला होते आणि माझी भाड्याची खोली त्यांच्या दवाखान्यासमोर, वरच्या मजल्यावर होती. खिडकी उघडली की खाली पाटी दिसायची: 'चायनीज डेंटिस्ट डॉ. फू'. पाटी डॉक्टरांची असली तरी दवाखाना माईबाईंचा होता. डॉक्टर उंच, सडपातळ आणि इतके अबोल की पेशंटला "आ करा" म्हणायलाही संकोचायचे. ते काम माईबाईंचं. पेशंटचं डोकं त्या दोन्ही हातांनी आपल्या पोटाशी धरायच्या आणि अगदी सहज विचारायच्या, "काहो भाऊ, तुमच्या घरी भाजी कोन खारट करते? माय का बायको?" असल्या नाजूक प्रश्नाला उत्तर देण्यासाठी माणूस तोंड उघडायचाच. तेवढ्यात डॉक्टरांचा चिमटा आत गेलेला असायचा. उत्तर अर्धंच राहायचं, दात मात्र पुरता बाहेर यायचा.

त्यांच्या लग्नाची हकीकत मी त्यांच्या तोंडून कितीदा ऐकली असेल! दर वेळी नव्याने हसायला यायचं.

"माहा बाप कलकत्त्याले चामड्याच्या कामात. त्याचे दात हलले त हा मानूस माप घ्याले आला. भरलं बापाच्या तोंडात मेन. आता मेन वाये पावतर बोलता येत नाई ना! तेवढ्यात माह्या मामानं इचारलं, पोट्टी देता का याले? बाप म्हने, अं अं अं! त्याले म्हनाचं होतं, नाई देत. मामानं आयकलं, देतो देतो देतो! तोंडातलं मेन निघे पावतर साखर वाटून झाली."

कोपऱ्यात चिमटे पुसत उभे असलेले डॉक्टर हळूच म्हणायचे, "खोटं आहे. मेण लगेच वाळतं."

"मंग तुमी इतका वेळ काऊन काहाडलं नाई?"

यावर डॉक्टर लाल व्हायचे आणि आत निघून जायचे.

डॉक्टर चीनमधून तरुणपणीच निघाले होते. रंगीत कागदाची फुलं करून गावोगाव विकायची, हा त्यांच्या गावाकडच्या लोकांचा धंदा. तो करत करत ते ब्रह्मदेशातून चालत कलकत्त्याला पोचले आणि तिथे एका देशबांधवाकडे दातांचं काम शिकले. माईबाई जन्मल्याच कलकत्त्यात. त्या दक्षिण चीनमधल्या हक्का लोकांतल्या, आणि डॉक्टर दूरच्या, मोठ्या नदीकाठच्या प्रांतातले. दोघांच्या बोली इतक्या वेगळ्या की लग्नानंतर नवराबायकोला एकमेकांचा एक शब्द कळेना. बाजारी हिंदीत काही दिवस संसार झाला. मग हिंगणघाटला आले. गिरणीतली माणसं पानतंबाखू खातात, तिथे दात लवकर पडतात, असं कोणीतरी सांगितलं म्हणून. इथे दूधवालीकडून आणि भाजीवालीकडून दोघं वऱ्हाडी शिकली आणि त्या भाषेत पहिल्यांदा मनसोक्त भांडली. माईबाई ते दिवस फार सुखाने आठवायच्या. "समजून भांडाले काय मजा येते बाई! त्याच्या आगुदर नुसते डोये वटारू वटारू थकलो होतो."

कागदाची फुलं करायला त्या डॉक्टरांकडून शिकल्या होत्या. पोळ्याच्या आधी आजूबाजूच्या गावांतले शेतकरी त्यांच्याकडून बैलांच्या शिंगांसाठी गुलाबी-पिवळी फुलं घेऊन जायचे. काम अवघड असो की सोपं, त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "होते त होते, नाई त आपन करतो."

सिनेमाचं प्रकरण घडलं ते याच पोळ्याच्या सुमारास.

'हिंदी-चिनी भाई-भाई' ही घोषणा तेव्हा भिंतींवर रंगवलेली असायची. नागपूरच्या एका मैत्री मंडळाचं शिष्टमंडळ चीनला जाणार होतं. आपल्याकडे राहणाऱ्या एखाद्या चिनी कुटुंबाचा छोटा माहितीपट सोबत न्यावा, अशी कल्पना मंडळाच्या देशकर वकिलांच्या डोक्यात आली. ते काम सुधाकर पोफळी नावाच्या तरुणाकडे गेलं. तो मुंबईला एका छायाचित्रकाराच्या हाताखाली राहून आला होता. गळ्यात रेशमी रुमाल, डोक्यावर फेल्ट हॅट, आणि हातात किल्लीवर चालणारा कॅमेरा. चित्रपट मुका होता. पडद्याशेजारी उभं राहून वाचायचं निवेदन कोणीतरी लिहायला हवं होतं. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी माझं नाव सुचवलं. म्हणून मला हे सगळं अगदी जवळून पाहायला मिळालं.

पहिल्या दिवशी सुधाकर घरात शिरला आणि त्याचा चेहराच पडला. घरात देवळीत कंदील, दोरीवर साड्या, चुलीवर वरण. त्याला हवे होते पंखे, रेशीम आणि ड्रॅगन.

"घरात चीनहून आणलेलं काय काय आहे?" त्याने आशेने विचारलं.

माईबाईंनी डॉक्टरांकडे बोट दाखवलं. "हे एवढेच."

शेवटी जेवायच्या काड्यांची एक जोडी सापडली. माईबाई ती कढईतले भजे उलटायला वापरायच्या. ती घासूनपुसून डॉक्टरांच्या हातात दिली. डॉक्टरांनी भात असा डौलात खाल्ला की बघत राहावं. मग लेकरांची पाळी आली. थोरली शांता आणि धाकटा बबन दोघंही हिंगणघाटात वाढलेली. बबनच्या काडीवरून शितं उडून सुधाकरच्या हॅटवर पडली. माईबाई ओरडल्या, "सुधाकरभाऊ, आटपा लवकर! तुमचा सिनेमा होये पावतर लेकरं उपाशी मरतीन माही."

मग सुधाकरने नवराबायकोला समोरासमोर बसवलं. "आता तुम्ही दोघं एकमेकांशी चिनीत बोला."

"कोनच्या?" माईबाई म्हणाल्या.

"कोणच्या म्हणजे? चिनीत!"

"याईच्या का माह्या?"

सुधाकर माझ्याकडे पाहू लागला. मी त्याला दोन बोलींची भानगड समजावून सांगितली. त्याने कपाळाला हात लावला. "अरे यार! इतक्या लांबून आलो, आणि चिनी नवराबायको घरात मराठी बोलतात? काहीही बोला. आवाज थोडाच येणार आहे. ओठ हलले म्हणजे झालं!"

कॅमेरा घरघरू लागला. डॉक्टरांनी जरा वेळ जमिनीकडे पाहिलं. मग मान वर करून आपल्या बोलीत अगदी हळू आवाजात एक लांबलचक वाक्य बोलले. माईबाईंनी लक्ष देऊन ऐकून घेतलं आणि आपल्या बोलीत तडतड उत्तर दिलं. सुधाकर खूश. "वा! काय संवाद आहे!"

कॅमेरा थांबल्यावर मी विचारलं, "माईबाई, काय म्हणाले डॉक्टर?"

"मले काय मालूम? मी म्हटलं, भात खाली लागून राह्यला, उरका लवकर."

"आणि डॉक्टर, तुम्ही?"

डॉक्टर घुटमळले. "मी म्हटलं, कलकत्त्याला पहिल्यांदा पाहिली तेव्हा जशी दिसत होती, तशीच आजही दिसते."

माईबाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा डॉक्टरांकडे पाहिलं. "मंग हे आजपावतर मराठीत सांगाले काय झालं होतं?" असं म्हणून त्या ताडकन उठल्या आणि खरोखरच करपलेला भात बघायला गेल्या.

चहा पिताना डॉक्टरांनी सुधाकरला विचारलं, "ही फिल्म तिकडे कुठं दाखवतील?"

"शिष्टमंडळ जाईल तिथं. पेकिंग आहे, हँकाव आहे."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "हँकावहून माझं गाव जवळ आहे. माझी माय तिथं आहे."

आई हयात असल्याचा निरोप त्यांना अलीकडेच कलकत्त्याच्या कोणाकडून तरी मिळाला होता. लग्नाची बातमी त्यांनी त्या वेळी कळवली होती. तेव्हा एका फुलं विकणाऱ्याबरोबर आईचा उलटा निरोप आला होता: परक्या बोलीची मुलगी आणलीस. मी डोळ्यांनी पाहीपर्यंत ती माझी सून नाही. त्यानंतर लढाया सुरू झाल्या आणि येणंजाणं बंद पडलं. पाहणं राहिलं ते राहिलंच.

"माय येऊ शकेल का पाहायला?" डॉक्टरांनी विचारलं.

"वकीलसाहेब करतील ना बंदोबस्त," सुधाकर म्हणाला. "मुलाला पडद्यावर पाहील ती!"

माईबाई दारात उभ्या होत्या. हातातलं उलथणं तसंच. "मुलाले पाहीन थे बराबर हाय," त्या म्हणाल्या. "पन बाजूले मीबी दिसीन ना! अगं मायबाई, म्हंजे हे त माहं दाखवनं होऊन राह्यलं!"

त्या क्षणापासून घरात, गल्लीत आणि दवाखान्यात एकच धांदल उडाली. पदरी दोन लेकरं असलेल्या बाईचा दाखवण्याचा कार्यक्रम हिंगणघाटने आधी कधी पाहिला नव्हता. जो तो सल्ला देऊ लागला. कोणी म्हणे केसात गजरा घाला, कोणी म्हणे सासूसमोर दात दाखवू नका. दातांच्या दवाखान्यात हा सल्ला पाळणं कठीणच होतं. माईबाई माझ्या खोलीत येऊन बसल्या.

"बाई, तुमी शाळेत पोट्ट्यांइले शिस्त शिकवता, मले शिकवा. सोज्वळ कसं दिसा?"

"नजर खाली ठेवा," मी म्हटलं.

त्यांनी नजर खाली ठेवली. जरा वेळ ठीक गेला. मग एकदम, "बाई, पाहा पाहा! ह्या मुंग्या तुमच्या भिंतीतून कुठी चालल्या?" आणि त्या मुंग्यांमागे रांगत दारापर्यंत गेल्या.

खरा पेच होता कपड्यांचा. डॉक्टर म्हणाले, "साडी नेस. नेहमीसारखी."

"साडीत पाहून माय म्हनन, पोरानं हे कोन आनली?"

"मग चिनी झगा घाल."

"थो घालून मी चालली त सोंग वाटन. गल्लीतली लेकरं मांगं लागतीन." मग त्या हसणं थांबवून म्हणाल्या, "मी कोनत्या कपड्यात खरी दिसतो, थे तरी सांगा कोनी."

शेवटी डॉक्टर नागपूरला जाऊन एका चिनी जोडेवाल्याच्या बायकोचा निळ्या रेशमाचा लांब झगा मागून घेऊन आले. त्या बाई माईबाईंच्या निम्म्या असाव्यात. झगा अंगात चढवायला मी आणि शांता दोघी लागलो. चढला तेव्हा माईबाई श्वास रोखून म्हणाल्या, "आता मले हासवू नोका. हासली त गेला."

त्या दिवशी दवाखान्याचं चित्रण होतं. डॉक्टर दात काढताहेत आणि सुशील पत्नी बाजूला नजर खाली घालून, हातात पाण्याचा पेला घेऊन उभी आहे, असं सुधाकरने ठरवलं होतं. पेशंट म्हणून गणपत पहिलवान मिळाला. कापसाच्या गाठी उचलणारा हमाल, अंगाने दारातही न मावणारा. त्याची दाढ खरोखरच किडली होती, आणि त्याला जगात भीती फक्त चिमट्याची होती.

सुधाकरने किल्ली दिली. "स्टार्ट!"

माईबाई पेला धरून खाली बघत उभ्या. अगदी चित्रासारख्या. डॉक्टरांनी चिमटा उचलला, आणि गणपतने तोंड मिटून घेतलं. "आ करा," डॉक्टर पुटपुटले. गणपतने मान हलवली. डॉक्टरांनी विनवून बोट आत घातलं, तर गणपतने घाबरून ते बोटच चावलं. डॉक्टर एका पायावर नाचू लागले. माईबाईंची नजर अजून खालीच. पण पेला थरथरायला लागला होता. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"अबे, तोंड उघड ना बे गधड्या!"

पेला एकीकडे गेला, माईबाई दुसरीकडे. त्यांनी एक गुडघा खुर्चीवर रोवला, गणपतचं डोकं काखेत घेतलं, आणि टर्रकन झगा काखेपासून कमरेपर्यंत उसवला. आतला फुलाफुलांचा परकर बाहेर डोकावू लागला. त्यांना शुद्धच नव्हती. दुसऱ्या हाताने त्यांनी गणपतचं नाक चिमटीत धरलं. श्वासासाठी त्या बिचाऱ्याला तोंड उघडावंच लागलं. "वढा!" त्या गरजल्या. डॉक्टरांनी धड असलेल्या हाताने चिमटा लावला, ओढला, आणि दाढ बाहेर!

"माय वं!" गणपत ओरडला.

"हाव, हाव, इथंच हाय!" असं म्हणत माईबाईंनी दाढ हिसकून घेतली, डोक्यावर उंच धरली आणि अशा खदखदून हसल्या की गणपतही रक्ताळल्या तोंडाने हसू लागला, डॉक्टर हसू लागले, खिडकीतली गर्दी हसू लागली. एरवी सुधाकरच्या कॅमेऱ्याची किल्ली नेमकी महत्त्वाच्या वेळी संपायची. त्या दिवशी संपली नाही.

घरघर थांबली तशी माईबाईंना जाग आली. त्यांनी उसवलेल्या बाजूवर हात ठेवला. "सुधाकरभाऊ, हे काहाडून टाकसान ना?"

"हो हो, नक्की," सुधाकर डोळे पुसत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी झगा शिवून, त्या पाटावर नजर खाली घालून बसलेल्या असं एक दृश्य त्याने घेतलं. मध्येच फीत संपली. त्याच्याकडे होती तेवढी सगळी तिथे खलास झाली.

चित्रपट तयार झाल्यावर गावातल्या थिएटरात एका रविवारी सकाळी पहिला खेळ ठरला. सगळी गल्ली, गिरणीतले लोक, समुद्रपूरकडचे जुने पेशंट, सगळे हजर. पहिल्या रांगेत देशकर वकील. मी पडद्याशेजारी उभी राहून निवेदन वाचत होते. पोळ्याची फुलं आली, भात आला, ओठ हलवणारे डॉक्टर आले. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. आणि मग पडद्यावर गणपत पहिलवान येऊन बसला.

माईबाई प्रेक्षकांतून ओरडल्या, "सुधाकरभाऊऽऽ!"

पण उशीर झाला होता. झगा पडद्यावर उसवला आणि थिएटर कोसळतं की काय असं झालं. माझं निवेदन कोणाच्या कानावर जाईना. माईबाई धावत पुढे आल्या आणि दोन्ही हात पसरून पडद्यासमोर उभ्या राहिल्या, झाकायला. त्यामुळे झालं एवढंच, की सिनेमातल्या माईबाई खऱ्या माईबाईंच्या साडीवर गणपतचं नाक धरू लागल्या. लोक बाकांवर उभे राहिले. देशकर वकील रुमालात तोंड घालून हलत होते.

खेळ संपल्यावर त्या वकिलांसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "साहेब, तेवढं कापा. माह्या सासूनं मले एकडावबी पाह्यलं नाई."

"बाई," वकील म्हणाले, "ते कापलं तर उरतं काय? थोडा भात आणि खाली बघणारी एक बाई."

फीत तशीच गेली.

पुढचे काही आठवडे आमची गल्ली सुनीसुनी होती. माईबाई कोणाला भाजीबद्दल विचारीनात. पेशंटची तोंडं मिटलेलीच राहू लागली. "माय वं" म्हटलं तर नुसतं "हाव" एवढंच यायचं. एका दुपारी मी दवाखान्यात बसले होते. फुलांसाठी कागद कापता कापता त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "मायनं नाई म्हटलं त?"

"मग काय, इतक्या वर्षांनी परत पाठवू तुला?"

"कुठी पाठवसान? तुमच्या गावची मी नाई, कलकत्त्याचं मले आता कोनी वयखत नाई."

डॉक्टरांनी त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली, खाली ठेवली आणि शेजारी बसून राहिले. मी उठून माझ्या खोलीत आले.

शिष्टमंडळ परत आलं तेव्हा देशकर वकील स्वतः मोटारीने हिंगणघाटला आले. दवाखान्यात बसायला जागा उरली नाही. माईबाई तेवढ्या बाहेर येईनात. पडद्याखालून त्यांची पावलं दिसत होती.

"हँकावच्या एका सभागृहात आम्ही फिल्म दाखवली," वकिलांनी सुरुवात केली. "डॉक्टर, तुमच्या मातोश्री आल्या होत्या. एवढ्याशा आहेत, पण ताठ. पुतण्याचा हात धरून पहिल्या रांगेत येऊन बसल्या. तुम्ही पडद्यावर आलात तेव्हा एकच म्हणाल्या, 'म्हातारा झाला.' आणि डोळ्यांना बाही लावली."

डॉक्टर भिंतीकडे तोंड करून चिमटे नीट लावू लागले. ते आधीच नीट लावलेले होते.

"मग गणपतचं ते दृश्य आलं," वकील म्हणाले. पडद्यामागची पावलं मागे सरकली. "म्हातारी आधी पुढे वाकली. मग हसायला लागली. अशी हसली, अशी हसली, की शेजारी बसलेल्या दुभाष्याच्या मांडीवर थापा मारायला लागली. बिचारा सरकारी माणूस! म्हणे, पुन्हा दाखवा. पुन्हा दाखवलं. म्हणे, ती काय ओरडते आहे ते सांगा. दुभाष्याने मला विचारलं. मी सांगितलं, 'तोंड उघड ना बे गधड्या.' तो म्हणाला, हे सभेत सांगता येणार नाही. म्हातारी ऐकेना. शेवटी त्याने तिच्या कानात सांगितलं. तशी ती उठून उभी राहिली आणि सगळ्या सभागृहाकडे वळून म्हणाली, 'ही माझी सून.'"

डॉक्टर भिंतीकडून वळले आणि पडद्याकडे पाहू लागले.

"पण एक घोटाळा झाला," वकील म्हणाले. "शेवटी ते पाटावर बसल्याचं दृश्य आलं ना, खाली बघणारं, ते पाहून म्हातारी रागावली. म्हणाली, 'आणि ही कोण आणून बसवली? हिला हिच्या घरी पाठवा!'"

आधी गणपत फिदकन हसला. मग दवाखानाच हसू लागला. बऱ्याच वेळाने पडदा हलला. माईबाई बाहेर आल्या त्या डोक्यावरून पदर घेऊन. तसा पदर मी त्यांच्या डोक्यावर आधी कधी पाहिला नव्हता. नाक लाल, डोळे लाल.

"कोनत्या बाजूले हाय तुमची माय?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

डॉक्टरांनी अंदाजाने स्टेशनच्या बाजूला हात केला. त्या बाजूला तोंड करून, सगळ्यांदेखत, माईबाई कमरेतून वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मग ताठ उभ्या राहून गणपतला म्हणाल्या, "दात काय काढून राह्यला बे? तुह्या नाकानं केलं हे समदं. बस, चहा घेऊन जाजो."

पन्नासचं दशक सरता सरता माझी बदली आर्वीला झाली. मध्ये एकदा हिंगणघाटला जाणं झालं, तेव्हा दवाखान्याच्या जागी शिंप्याचं दुकान होतं. शांताचं लग्न कलकत्त्याला झालं आणि मागोमाग सगळेच तिकडे राहायला गेले, असं शिंप्याने सांगितलं. पुढे दोन्ही देशांत बिनसलं. भिंतींवरच्या घोषणा पुसल्या गेल्या आणि चिनी माणसांवर वाईट दिवस आल्याचं कानावर येत राहिलं. कलकत्त्याला ओळखीचं असं कोणी नव्हतं. ज्यांना विचारलं त्यांना काही सांगता आलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते माझ्या बदलीच्या थोडं आधी, हिंगणघाट स्टेशनवर. शांताला स्थळ पाहायला घेऊन त्या कलकत्त्याला निघाल्या होत्या. आधी वर्धा, तिथून पुढची गाडी. डबा गच्च भरलेला. माईबाई, डॉक्टर, शांता आणि बबन आपल्या पिशव्यांसह कसेबसे आत शिरले. मी खिडकीशी उभी होते. समोरच्या बाकावर पागोटं घातलेला एक म्हातारा शेतकरी बसला होता. तो मघापासून यांच्या चेहऱ्यांकडे पाहत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"माय, तुमी नेपायच्या का?"

"नाई जी."

"मंग कोनीकडच्या?"

माईबाईंनी कपाळावरचा घाम पुसला. "माहेर कलकत्ता, सासर चीन, घर हिंगनघाट. अजून काई?"

म्हाताऱ्याने हे सगळं नीट मनात बसवून घेतलं. मग शांताकडे हनुवटी करून विचारलं, "आन् या पोट्टीचं?"

"तिचंच ठरवाले त चाललो," माईबाई म्हणाल्या. "सरका बरं जरासे. बसू द्या तिले खिडकीत."

म्हातारा सरकला. शांता खिडकीत बसली, आणि गाडी हलली.